पॅनकार्डावरचं चौथं अक्षर

पाकिटातलं पॅनकार्ड काढा आणि त्यावरचं चौथं अक्षर बघा. 'पी' असेल. पी म्हणजे हाडामांसाचा माणूस. त्याच जागी भागीदारी पेढीला 'एफ' मिळतो, हिंदू अविभक्त कुटुंबाला 'एच' आणि कंपनीला 'सी'. म्हणजे करदात्यांच्या रांगेत आपल्या शेजारी अशीही कुणी व्यक्ती उभी असते, जिला आईबाप नाहीत, नाडी नाही, पण जमीन घेता येते, कर्ज काढता येतं, कोर्टात दावा लावता येतो. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

घरी गोडा मसाला करून विकणारी बाई घ्या. तिचा धंदा म्हणजे एकल मालकी. ती वेगळी स्थापन करावी लागत नाही. पहिलं पाकीट विकलं की झाली. पॅनही बाईचंच. कायद्याला बाई आणि धंदा वेगळे दिसतच नाहीत, म्हणून धण्या-खोबऱ्याची उधारी थकली तर वसुली गल्ल्याशी थांबत नाही, तिच्या घरापर्यंत पोचते. जाऊबाईंना भागीदार घेतलं, तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे त्यांनी धंद्यासाठी काढलेलं कर्जही हिच्या डोक्यावर, तेही सगळंच्या सगळं. आणि भागीदार दोघीच असतील, तर एकीच्या मृत्यूबरोबर पेढीही मोडते.

कंपनीचं तसं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॅलोमन बूट बनवून विकत असे. १८९२ साली त्याने आपला चालता धंदा एका कंपनीला विकला. कंपनी त्याचीच. २०,००७ शेअर, कायद्याला सात सभासद हवे होते म्हणून बायकोमुलांकडे मिळून सहा, बाकीचे २०,००१ त्याच्या नावे. विक्रीच्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे डिबेंचर त्याने कंपनीकडूनच घेतले, म्हणजे आपल्याच कंपनीचा तो सावकार झाला! कंपनी लवकरच बसली. ही कंपनी म्हणजे सॅलोमनच, देणी त्यानेच भागवावीत, असा दावा झाला आणि खालच्या दोन्ही कोर्टांना तो पटला. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला: रीतसर नोंदलेली कंपनी ही निराळीच व्यक्ती, तिची देणी तिची. घेणेकऱ्यांवर हा अन्याय वाटतो खरा. पण नावामागे 'लिमिटेड' लावायचं ते याचसाठी. समोरच्याला आधीच बजावलेलं असतं.

आपल्याकडे या कल्पनेचं नवल वाटायला नको. देवस्थानच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव असतंच. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका घरातल्या देवमूर्तीबद्दल सांगितलं होतं की, तिला कुठे ठेवायचं यात तिचीही इच्छा विचारात घ्यायला हवी.

२०१३ च्या कंपनी कायद्याने आपली मसालेवाली एकटीनेही कंपनी काढू शकते. आपल्यामागे सभासद कोण होणार, ते नाव मात्र आधीच द्यावं लागतं. कारण ती गेली तरी कंपनी जात नाही. किमान भांडवलाची अटही २०१५ मध्ये गेली. पण या व्यक्तीला पोसावं लागतं: विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं. शिवाय बँक कर्ज देताना बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की कंपनी आणि आपल्यामधल्या भिंतीला आपणच दार पाडतो. मधला मार्ग म्हणजे २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी: भागीदारीची मोकळीक, तरी जबाबदारी मर्यादित. दोघीजणी असतील तर मला हीच बरी वाटते.

एकटीने सुरुवात करायची असेल तर मी एकल मालकीच सुचवेन. मसाला खपतो का, ते आधी कळू दे. अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. महाराष्ट्रात थोडीच माणसं कामाला असतील तर गुमास्ता परवान्याऐवजी नुसती सूचना पुरते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. तिथे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि घरखर्चाचं खातं निराळं, धंद्याचं निराळं, हे पहिल्या दिवसापासून.

पुढे कधी कंपनी झालीच, तर तिचं कार्ड हातात घेऊन नीट बघा. त्यावर फोटो नसतो. वडिलांचं नाव नसतं. जन्मतारखेच्या जागी स्थापनेची तारीख असते, आणि चौथं अक्षर 'सी'.