प्रश्नाचा बोध आणि उत्तराचे मोल

लैंगिक आरोग्याच्या प्रश्नावलीतील प्रश्न उत्तर देणाऱ्यास कोणत्या अर्थाने कळतो, हे पाहण्याच्या पद्धतीस बोधपरीक्षण म्हणता येईल. रॉजर टूरँगो यांनी 1984 मध्ये उत्तर देण्याच्या क्रियेचे चार टप्पे मानले: बोध, स्मरण, निर्णय आणि उत्तराची मांडणी. पहिलाच टप्पा डळमळीत असेल, तर पुढील तिन्हींची काटेकोरी व्यर्थ होय.

जालना जिल्ह्यात अशी तपासणी करावयाची झाल्यास अडचण कोठे येईल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत स्त्रियांना, गेल्या 12 महिन्यांत दुर्गंधीयुक्त, अस्वाभाविक स्राव झाला काय, असे विचारले गेले. ‘योनिस्राव’ हा शब्द पुस्तकी. ग्रामीण स्त्री ‘अंगावरून जातं’ म्हणते. परंतु हा वाक्प्रचार पांढऱ्या स्रावास जसा, तसाच रक्त जाण्यासही लागतो. ‘पांढरं’ हे विशेषण जोडावे, तर पिवळसर स्रावाची बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून मोकळी होते. नोंदीत ती निरोगी ठरते आणि तिचा आजार मात्र वाढत राहतो.

‘संबंध’ या शब्दाची गत याहून वाईट. ‘त्यांच्याशी आमचे संबंध नाहीत’ याचा सरळ अर्थ भाऊबंदकीतला अबोला असा होतो. ‘जोडीदार’ म्हटले की कामावरचा सोबतीही डोळ्यांपुढे येतो. ‘निरोध’ हे 1968 पासूनचे सरकारी छापाचे नाव पुष्कळांच्या तोंडी सामान्यनाम झाले असले, तरी दुकानातून दुसरा छाप घेणारा ‘निरोध वापरत नाही’ असे सांगू शकतो. आणि ‘वापरला नाही ना?’ या नकारार्थी प्रश्नास मिळालेल्या ‘हो’चे काय करावयाचे, हे व्याकरणकारही सांगू शकणार नाही.

‘समजलं का?’ असे विचारणे निरुपयोगी. संकोचाने सारेच ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा स्त्री-मुलाखतकाराने एकान्तात, ‘हाच प्रश्न जावेला समजावायचा तर कसा सांगाल?’ असे विचारावे. त्या उत्तरात मूळ प्रश्नाचे काय उरले, ते लगेच दिसते. जालना शहरातील दखनी-उर्दू भाषिकांसाठी मराठी मसुद्याचा अनुवाद पुरणार नाही. तेथे परीक्षण मुळापासूनच केले पाहिजे.

कालमर्यादेचा प्रश्न निराळा. 12 महिन्यांऐवजी ‘गेल्या पोळ्यापासून’ म्हणणे सोयीचे खरे. पण मुलाखत दिवाळीत झाली, तर तो काळ जेमतेम दोन महिन्यांचा भरतो. म्हणून मुलाखतीच्या महिन्यागणिक सणाची खूण बदलावी लागते.