उंची एका पावसाची, ताकद तीन उन्हाळ्यांची

चांदूर रेल्वेतल्या एका बुरुडाच्या ओट्यावर मानवेलाचे दोन बांबू आडवे पडले होते. जाडी सारखीच. बुरुडानं कोयत्याच्या पाठीनं दोन्ही वाजवून दाखवले. एक बद्द बोलला, दुसरा खणखणला.

"हा कवळा हाय, भाऊ. वाळला का आटून जाते. टोपलीले दुसऱ्या सालचा चालते, पण शिडीले तीन उन्हाळे पायलेलाच पाह्यजे."

कोवळ्यावर पांढरी भुकटी होती, पेरांना वाळकी आवरणं चिकटलेली. जुना पिवळट, मळकट. वयात एवढं अंतर, मग जाडी सारखी कशी?

बांबू हे गवत. आंब्या-सागाच्या खोडात सालीखाली नव्या पेशी तयार करणारा थर असतो, म्हणून खोड दरसाल जाड होतं. बांबूत तो थरच नाही. पावसाळ्यात कोंब ज्या जाडीचा निघतो, त्याच जाडीचा बांबू दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंच होतो. या काळात पेशींच्या भित्तिका पातळ आणि लवचीक असतात; आतल्या पाण्याच्या दाबानं त्या ताणल्या जातात. खरं बांधकाम उंची थांबल्यावर रंगात येतं. तंतूंच्या पेशी भित्तिकेला आतल्या बाजूनं सेल्युलोजचे थरावर थर चढवतात. पेशीच्या आतली पोकळी आक्रसत जाते. लिग्निन थरांत मुरतं आणि त्यांना कडक करतं.

परमेश्वरन आणि लीझे या संशोधकांनी 1976 साली या थरांची रचना मांडली: एक जाड, एक पातळ, पुन्हा जाड. जाड थरातले सेल्युलोजचे धागे जवळजवळ उभे, पातळ थरातले बरेचसे आडवे. उभे धागे ताण पेलतात, आडवे त्यांना बांधून ठेवतात. विणकरालाही हे पटेल.

बुरुडानं जुना बांबू उभा चिरला. कापलेल्या तोंडावर काळसर ठिपके दिसले: बाहेरच्या कडेला दाट, आत विरळ. ठिपक्यांभोवती तंतूंची जुडी असते. म्हणूनच पाठीकडची कामटी चिवट आणि पोटाकडची ठिसूळ निघते.

बांधावर बांबू लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: दर पावसाळ्यातल्या नव्या बांबूंवर वेगळ्या रंगाचा पट्टा ओढा. शिडीला, मांडवाला, छपराला ज्याचा पट्टा तीन वर्षांचा झाला तोच तोडा. उंची पाहून कोयता उचलू नका.