न विझणारी चूल आणि घरातला श्वास

पौषातल्या एखाद्या पहाटे आपण कोरपना तालुक्यातील खेड्यात पाहुणे म्हणून उतरलात, तर घरातील गृहिणीचे पहिले काम पाहून ठेवावे. ती चुलीतील राख हलकेच बाजूला सारते. रात्री राखेखाली झाकून ठेवलेला निखारा अजून जिवंत असतो. त्यावर तुराटीचे चार तुकडे ठेवून फुंकणीने फुंकले की जाळ होतो. काडेपेटी लागत नाही. मग दूध, आंघोळीचे पाणी, भाकऱ्या, वैलावरचे वरण आणि सायंकाळी पुन्हा स्वयंपाक. चूल कधी भडकते, कधी धुमसते, पण विझत नाही.

या चुलीला नावे ठेवणे सोपे आहे. कापूस आणि तूर निघाली की पऱ्हाट्या व तुराट्या स्वतःच्या शेतातूनच मिळतात. थंडीत घर उबदार राहते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि अनेक घरांत गॅस आला. तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च पाहून तो पुष्कळ ठिकाणी चहापुरता वापरला जातो. म्हणून चुलीसोबत राहायचेच असेल, तर प्रकृती सांभाळून कसे राहावे, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे.

ऊब राहावी, धूर जावा

सतत तापलेली चूल युरोपातील खेड्यांतही आहे. नोबेल पारितोषिक मिळवणारे स्वीडिश शास्त्रज्ञ गुस्ताफ दालेन यांची अपघातात दृष्टी गेली होती. त्यांनी १९२२ साली ‘आगा’ नावाची बिडाची जड चूल तयार केली. तीही रात्रंदिवस पेटती असे. पण कोळशाचा धूर नळीतून घराबाहेर जाई. आपल्या चुलीत ऊब आणि धूर दोन्ही घरातच राहतात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. स्वयंपाक करणारी स्त्री, तिच्या मांडीवरचे मूल आणि उबेसाठी चुलीजवळ बसलेले वृद्ध यांच्या वाट्याला तो सर्वाधिक येतो. जन्मात विडी न ओढलेल्या बाईलाही यामुळे दम्यासारखा दीर्घकालीन श्वासविकार जडू शकतो. गर्भवतीने धूर घेतल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. ग्वाटेमालात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र एक आशादायक गोष्ट दिसली: धुराडे असलेल्या चुलीच्या घरांत बालकांचा तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

राखेखालचा धोका

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून कळतो. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही आणि वासही नाही. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. दारे-खिडक्या लावून चुलीशेजारी झोपणे किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत आणणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. सकाळी घरातील साऱ्यांचेच डोके दुखत असेल, मळमळत असेल, गुंगी वाटत असेल, तर सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या घरी काय करता येईल

चुलीला धुराडे बांधावे, ते छपराच्या वर न्यावे आणि त्यातील काजळी नियमितपणे काढावी. धुराडे शक्य नसेल, तर चुलीवरच्या बाजूस, छपराजवळ, धूर जाण्यास झरोका ठेवावा. सरपण पावसाळ्यापूर्वीच वाळवून आडोशाला रचावे. ओले लाकूड फार धूर करते. पेटवण्यासाठी प्लास्टिक किंवा रॉकेल वापरू नये. डाळ आधी भिजवली आणि भांड्यावर झाकण ठेवले, तर जाळ कमी लागतो. सरपण वाचले म्हणजे जंगलातील फेराही वाचतो. वाघांच्या या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही.

आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात मांडावी. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत घरातील निखारा राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही. गॅस असेल, तर घरात गर्भवती किंवा तान्हे बाळ असेपर्यंत तरी स्वयंपाक त्यावरच करावा. सिलिंडरचा खर्च तेव्हा औषधपाण्याच्या हिशेबात धरावा.

बाळाच्या श्वासाकडेही लक्ष असू द्यावे. शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मोठ्यांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर ‘चुलीचा खोकला’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

आजच सायंकाळी स्वयंपाकाच्या वेळी आपण चुलीजवळ पंधरा मिनिटे बसून पाहावे. आपले डोळे किती चुरचुरतात, ते ध्यानात घ्यावे. घरातील माउली तेथे रोज दोन्ही वेळा तासन्‌तास बसते. धुराडे बांधायला मग पुढचा हंगाम उजाडण्याची वाट पाहावीशी वाटणार नाही.