रात्रपाळीवाल्यांच्या घरातला काळा पडदा

सकाळी सात-आठच्या सुमाराला चाकण, म्हाळुंगे, निघोजेकडून येणाऱ्या कंपनीच्या बस पिंपरी-चिंचवडमध्ये माणसं उतरवून जातात. घरी यायचं, चहा घ्यायचा, अंघोळ करून आडवं पडायचं. पण त्याच वेळेला वस्ती जागी झालेली असते. नळाला पाणी आलेलं, पोरांची शाळेची घाई, शेजारी मिक्सर, आणि खिडकीतून थेट डोळ्यावर ऊन. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस तोंडावर टॉवेल टाकून पडतो आणि साडेअकराला उठून बसतो. रात्री परत मशीनवर.

मी नर्स होते तेव्हा नाईट ड्युटीच्या दिवसांत माझंही हेच व्हायचं. एका एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दिवसाला जेमतेम तीन तास झोप मिळत होती. चौथ्या रात्री, पहाटे, मी एका पेशंटचं इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला द्यायला निघाले. मनगटावरची पट्टी वाचली म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी खिडकीला दुहेरी काळी चादर ठोकली.

अंधाराचा आणि झोपेचा संबंध नुसता सवयीचा नाही. डोळ्यातल्या काही पेशी उजेडाची खबर मेंदूला देतात आणि मेंदू त्यावर शरीराचं घड्याळ लावतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, उजेड पडला की कमी होतं. पापण्या मिटल्या तरी थोडा उजेड आत जातोच. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. म्हणजे रात्रपाळी केली की कॅन्सर होतोच असं नाही, घाबरू नका. पण दिवसाची झोप ही चैन नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं.

प्रेस मशीनवर बोटं जातात ती फक्त झोपेमुळे, असं मी म्हणणार नाही. मशीनला गार्ड नसणं, सेन्सर बंद ठेवणं, डबल शिफ्ट लावणं, हा मालकाचा दोष आहे. घरात पडदा लावल्याने तो माफ होत नाही.

आता पडद्याकडे येऊ. रोलर ब्लाइंड म्हणजे नळीवर गुंडाळलेलं कापड. बाजूची साखळी ओढली की वर-खाली होतं. दुकानात भाव चौरस फुटावर सांगतात, तेव्हा तीन बाय चारची खिडकी म्हणजे बारा फूट धरा. 'ब्लॅकआउट' असं नुसतं सांगून भागत नाही. कापडामागे मोबाईलची बॅटरी लावून पाहा. उजेडाचा ठिपका दिसला तर ते ब्लॅकआउट नव्हे. पडदा चौकटीच्या आत बसवला की दोन्ही कडांनी उजेडाच्या पट्ट्या येतात. म्हणून तो चौकटीच्या बाहेर, भिंतीवर लावा आणि चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्त माप द्या. भिंत पत्र्याची असेल तर आधी लाकडी पट्टी स्क्रूने पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट मारा. भाड्याची खोली असेल तर ड्रिल करण्याआधी मालकाला विचारा, नाहीतर डिपॉझिटमधून कापतात.

पण एवढा खर्च करायलाच हवा असं नाही. ब्लॅकआउट कापड मीटरवर मिळतं. ते शिवून, कडांना वेल्क्रो लावून खिडकीवर चिकटवलं तर उजेड कधी कधी रोलरपेक्षाही चांगला अडतो. वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्या शहरात काही कमी नाहीत, ज्याची मागची बाजू काळी असते तोही चालतो. मात्र फ्लेक्स आणि नवं रबरी कापड वास मारतं, दोन दिवस बाहेर वाळत घाला. आणि एकाच खोलीत स्वयंपाक असेल तर शेगडीजवळच्या खिडकीला यातलं काहीच लावू नका. पेट घेतं.

बाहेरची बाजू पांढरी घ्या, ती ऊन परतवते. काळी बाजू उन्हाकडे आली की खोलीची भट्टी होते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा ओलं गोणपाट टाकलं तर त्याहून बरं, कारण ऊन आत येण्याआधीच अडतं.

माझी खरी काळजी हवेची आहे. आपली घरं एकमेकांना चिकटलेली, बऱ्याच खोल्यांना खिडकी एकच. ती दिवसभर बंद राहिली तर टीबीचे जंतू खोलीतच फिरत राहतात. घरात टीबीचा पेशंट असेल तर खिडकी झाकू नका. झोपणाऱ्याच्या डोळ्यावर जाड काळी पट्टी बांधा, ती दर्जीकडच्या चिंध्यांतूनही होते. एरवी पडद्यामागची काच उघडी ठेवा, दारावरचा झरोका बुजवू नका, आणि झोप झाली की पडदा पूर्ण वर करा. उठल्यावर उजेड अंगावर घेणंही तितकंच गरजेचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत.

साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्याला बसू शकतो. तिचा खालचा भाग भिंतीवर हुकाने ताणून बसवा किंवा पाच फुटांच्या वर गुंडाळून ठेवा. पाळणा किंवा खाट तिच्याजवळ नको.

रंग तुमच्या आवडीचा. फिकट रंगाने लहान खोली मोठी वाटते आणि मागचा थर चांगला असेल तर फिकट पडदाही पूर्ण अंधार करतो. हल्ली त्यावर हवं ते चित्र छापून देतात. बुद्धांचं किंवा बाबासाहेबांचं चित्र छापू का, असं एका ताईंनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. रोज गुंडाळायची, धूळ खाणारी वस्तू ती. फोटो भिंतीवरच शोभतो.

आणि हे घरच्या पुरुषांसाठी. रात्रपाळी करून आलेल्या बाईला पडदा लावून दिलात, पण डबे, भांडी, पाणी तिच्यावरच ठेवलंत, तर ती अंधारात पडून पाण्याच्या वेळेचाच विचार करते. तिचे सात तास ठरवून घ्या. त्या वेळात पाणी कोण भरणार, दार कोण उघडणार, हे आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा.