पश्चिमेची भिंत

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. बोट लगेच एसीकडे गेलं. दिवसभर ऊन साठवून रात्री ते झोपायच्या खोलीत सोडणाऱ्या भिंतीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते खरी चूक तिथे आहे, आणि ती टाळायची विद्या दिल्लीत केव्हाची आहे.

अलकनंदा भागातलं तारा अपार्टमेंट्स पाहा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात आखलेलं हे १६० घरांचं संकुल. घरं अरुंद, खोल आणि एकमेकांना लागून. त्यामुळे प्रत्येक घराची थोडीच भिंत उन्हात येते. गच्च्यांवर सावलीच्या पट्ट्या, मधोमध झाडांचं मोकळं आवार, आणि उन्हाळ्यातली लू, म्हणजे तापलेला वारा, बाहेरच अडावी अशी सगळी रचना. हे सगळं नकाशावर ठरलं, यंत्रं नंतर आणून बसवलेली नाहीत.

गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला 'टेरी' या ऊर्जा-संशोधन संस्थेचं 'रिट्रीट' हे प्रशिक्षण केंद्र २००० साली उभं राहिलं. तिथे जमिनीखाली चार मीटरवर प्रत्येकी ७० मीटर लांबीचे चार बोगदे आहेत. त्या खोलीवर माती वर्षभर साधारण २६ अंशांवर असते. मे महिन्यातली होरपळलेली हवा बोगद्यातून निवून खोल्यांत येते, जानेवारीत तीच हवा ऊब घेऊन येते. पण पावसाळ्यातली दमट हवा नुसत्या मातीने कोरडी होत नाही, म्हणून शीतयंत्राची जोड द्यावी लागली. यंत्र नकोच, असा हट्ट नाही. भिंत, सावली आणि वारा यांचं काम झाल्यावर जे उरेल तेवढंच यंत्राकडे जावं.

जोरबागचं इंदिरा पर्यावरण भवन, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची कचेरी, २०१४ साली सुरू झालं. ९३० किलोवॅटची सौरवीज आणि ८० मीटर खोल कूपनलिकांतून उष्णता जमिनीत सोडण्याची सोय, यांमुळे त्याचं नाव झालं. ते योग्यच आहे. पण सरकारी कचेऱ्यांना हे जमतं आणि नोएडा-गुरुग्रामचे मनोरे काचेत गुंडाळलेले राहतात, हे मला खटकतं.

२०१८ च्या ईको निवास संहितेने घरांसाठी एक आकडा दिला आहे. छत सोडून भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावी. मोजता येईल अशी ही अट आहे, पण राज्यांनी ती आपल्या बांधकाम नियमांत आणली तरच तिचा उपयोग.

हे सारं दूर दिल्लीचं म्हणून सोडू नका. इमारतींच्या ऊर्जा संहितेच्या नकाशावर नागपूर दिल्लीच्याच 'संमिश्र' हवामान विभागात येतं. नवा फ्लॅट पाहायला जाल तेव्हा क्लबहाऊसच्या आधी तीन गोष्टी विचारा: झोपायची खोली पश्चिमेला आहे का, छताला उष्णतारोधक थर दिला आहे का, आणि ईको निवास संहितेतला तो आकडा या इमारतीचा किती. बिल्डरकडून उत्तर लेखी घ्या.