त्याचा मध्यम, तिचा षड्ज

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक ज्या लालबागेत आहे, तेथील मराठी रसिकाला आवडत्या गायकाची बैठक ऐकावयाची झाल्यास बहुधा भुसावळमार्गे पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. आणि त्या प्रवासाचे सार्थक विशाल मंडपातील ध्वनिक्षेपकांच्या गर्जनेपेक्षा एखाद्या दिवाणखानी बैठकीत अधिक होते, असे आमचे मत आहे. गाणे संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या जसरंगीचे असेल, तर त्या मतावर आम्ही हट्टाने कायम राहू.

स्त्री-पुरुषांच्या सहगायनातील मूळ अडचण पट्टीची. पुरुषाची पट्टी धरावी तर स्त्रीला खर्जात उतरावे लागते, तिची धरावी तर त्याचा आवाज तारसप्तकात कोंडतो, आणि मधली तजवीज करावी तर दोघांचीही गैरसोय होते. पंडित जसराजांनी यावर जसरंगी ही जी तोड काढली तिचा आधार नाट्यशास्त्राइतका प्राचीन आहे: मूर्च्छना, म्हणजे स्वरपंक्ती तीच ठेवून आरंभस्थान बदलणे. काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्यम काळी चारवर येतो; तोच स्त्रीने आपला षड्ज मानावा. मग तो अभोगी गात असता, त्याच पाच स्वरांतून तिचा कलावती सिद्ध होतो. त्याचा दुर्गा असेल तर तिचा भूप.



याची खरी गोडी तंबोऱ्यांत आहे. अभोगीत पंचम वर्ज्य, म्हणून पुरुषाचा तंबोरा मध्यमात लागतो, स्त्रीचा पंचमात. परंतु त्याचा मध्यम तिचा षड्ज आहे आणि तिचा पंचम त्याचा वरचा षड्ज, कारण चार-तृतीयांश आणि तीन-द्वितीयांश यांचा गुणाकार बरोबर दोन होतो. अर्थात दोन्ही तंबोऱ्यांत स्वर तेच दोन, केवळ यजमान निराळा! लहान खोलीत हे नाते कानाला प्रत्यक्ष सापडते. ध्वनिक्षेपकाच्या अंमलाखाली तंबोरे बहुधा नुसती गुणगुण होऊन राहतात.

पाश्चात्त्य द्विगायनात पुष्कळदा दुसरा आवाज पहिल्याच्या सुराला आधार देतो. येथे मात्र दोघांपैकी कोणीही आश्रित नाही. जसराजांकडे शिकलेल्या अभ्यंकरांचे मेवाती वळण आणि मातोश्री माणिक भिडे यांच्याकडून भिडे-देशपांडे यांना लाभलेली जयपूर-अत्रौलीची पेचदार तालीम, यांचा मिलाफ करण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. एकाच्या आलापाने सोडलेला स्वर दुसरीने उचलला की श्रोत्याच्या मनातील षड्ज हलतो, आणि क्षणभर कोणता राग ऐकतो आहोत याचा निवाडा करता येत नाही. हा संभ्रम काही जाणत्यांना खटकतो; राग एकाग्रतेने मांडावा, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप निराधार नाही, परंतु ती डळमळ अनुभवण्यासाठीच तर आम्ही गाडी पकडतो.