रुग्णाचे कागद

१९६३ सालच्या जुलै महिन्यांतली ही हकीकत आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयांत एक स्त्री प्रसूत झाली. १३ जुलै रोजीं तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यांत आली. लगेच तिला ताप भरला व पोटांत असह्य वेदना होऊं लागल्या. पुढें पोट पुन्हा उघडावें लागलें, तेव्हां रक्त टिपण्याकरितां वापरलेलें फडकें आंतच राहून गेल्याचें व भोंवतीं पू झाल्याचें आढळलें. २४ जुलै रोजीं ती वारली.

‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नांवानें हा दावा वकीलमंडळींस परिचित आहे. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपये भरपाई दिली, ती उच्च न्यायालयानें रद्द केली, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हा कायम केली. मध्यंतरीं बत्तीस वर्षें, म्हणजे एक अख्खी पिढी, उलटून गेली होती!

न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं पोटांत फडकें राहतें तें कोणाच्या तरी हयगयीवांचून राहत नाहीं. वस्तूच तेथें साक्ष देते. रुग्णालय लोककल्याणासाठीं चालविलें म्हणून सरकारची जबाबदारी टळत नाहीं. त्याच निकालपत्रांत वैद्यांची बाजूहि नमूद आहे: सर्वांचें कौशल्य सारखें नसतें, एकाच रोगावर उपचाराच्या वाटाहि अनेक असूं शकतात, योग्य ती काळजी घेतली असेल, तर केवळ रोगी दगावला म्हणून वैद्यास दोषी धरतां येत नाहीं. शोकाच्या भरांत दवाखान्याच्या कांचा फोडणारांनीं हा भाग अवश्य वाचावा.

परंतु दर वेळीं पुरावा असा प्रत्यक्ष हातीं लागत नाहीं. औषधाची मात्रा चुकली, इंजेक्शन दुबार दिलें गेलें, ताप चढत असतां कोणी फिरकलें नाहीं, अशा प्रसंगीं बोलतात ते कागदच. आणि कागदांची आबाळ आपल्या धाराशिव जिल्ह्यांत सहज होते. समजा, नळदुर्गजवळ मोटारसायकलचा अपघात होऊन एखाद्याचें हाड मोडलें. पहिली पट्टी जवळच्या रुग्णालयांत बांधतात, मग गाडी सोलापुराकडे धांवते. उमरग्याकडील रोगी पुष्कळदां लातुरास जातो. रोगी पोंचतो, चिठ्ठी मागें राहते. कोणतें औषध दिलें, किती दिलें, केव्हां दिलें, हें पुढच्या डॉक्टरांस कळलें नाहीं तर त्यांनीं अंदाजानें चालावयाचें काय? म्हणून निघण्यापूर्वीं या तीन गोष्टी लिहवून घ्याव्या व एक्स-रेची फिल्म बरोबर घ्यावी. बरोबरच्या माणसानें साध्या वहींत वेळ टिपून ठेवली तरी तिचा उपयोग होतो.

डॉक्टरांजवळ कागद मागणें म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणें, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि आढळते. ती चुकीची आहे. २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें रुग्णालयांत राहून गेलेल्या रोग्याची नोंद डॉक्टरांनीं तीन वर्षें जपावयाची असते, आणि रोग्यानें किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत ती द्यावयाची असते. मागणी लेखी करावी व पोंच घ्यावी.

दाद कोठें मागावी? पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखालीं येतात, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ मध्यें ठरविलें. त्यासाठीं धाराशिव येथें जिल्हा ग्राहक आयोग आहे. जेथें सर्वांनाच संपूर्ण मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयाचाच मार्ग राहतो. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करतां येते. फौजदारी खटल्यास हयगय ढोबळ व गंभीर स्वरूपाची असावी लागते, असें २००५ च्या निकालानें स्पष्ट झालें आहे. ग्राहक आयोगाकडे जावयाचें तर तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सबळ कारण दाखविल्यास आयोग उशीर माफ करूं शकतो, पण करीलच असें नाहीं.